घर विकायचंय? दलाल बरा की मोबाइल?

देवगाव फाट्यावरून आम्ही बोलतोय, बचत गटांचं काम बघणाऱ्या तुमच्याच मैत्रिणी. आजचा विषय जरा वेगळा आहे. घर विकायची वेळ आलीच, तर गिऱ्हाईक दलालामार्फत शोधायचं, की मोबाइलवर जाहिरात टाकून?

आमच्या गटातल्या एका मावशींनी हा प्रश्न बैठकीत मांडला. मालक वारले, आता त्यांना लेकीजवळ राहायला जायचं होतं. दलाल म्हणाला, "मावशी, पाच लाख तुमच्या हातात. वरचे माझे." मावशींना ते बरं वाटलं. आम्ही म्हटलं, थांबा. वरचे म्हणजे किती, हे त्यानं सांगितलंच नाही की!

मग भाचीनं घराचे फोटो एका ॲपवर टाकले. दोन दिवसांत फोन आला. "मी फौजी आहे. घर बघायची गरज नाही. इसार पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका." भाचीनं फोनच ठेवला. बायांनो, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की आपलेच पैसे जातात. कुणी फसलंच तर लगेच १९३० वर फोन करा.

मग दोन्ही रस्ते वाईट का? नाही. गावातलं घर घेणारा बहुतेक वेळा आसपासचाच असतो. त्याला दलाल ओळखतो, घर दाखवायलाही तोच येतो. पण सेलूतलं घर असेल किंवा रस्त्यालगतचा प्लॉट असेल, तर पुण्या-संभाजीनगरला गेलेली आपली माणसंही मोबाइलवर बघून विचारतात. तेव्हा दोन्ही करून बघा. जाहिरातीत नंबर घरातल्या जाणत्या माणसाचा द्या. घर बघायला कुणी आलं तर गटातल्या दोघी सोबत असू द्या.

आधी भाव मात्र आपण काढायचा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर सरकारी दर, म्हणजे रेडीरेकनर, फुकट बघता येतो. बाजारभाव त्याहून कमी-जास्त असतो, पण अंदाज येतो. शेजारचं घर कितीला गेलं तेही विचारा.

दलालाशी टक्केवारी आधी ठरवा आणि कागदावर लिहून घ्या. महारेराची नोंदणी एजंटाला नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी लागते. गावच्या जुन्या घराचा व्यवहार सहसा त्यात येत नाही. म्हणून हा साधा कागदच आपला आधार. आणि मूळ कागदपत्रं कुणाच्याच हाती देऊ नका, झेरॉक्स द्या.

मावशींनी त्याच दलालाला दोन टक्के लिहून दिले. अट एकच, गिऱ्हाईक समोर बसलं पाहिजे. घर पाच लाख ऐंशी हजारांना गेलं. दलालाला ११,६०० रुपये मिळाले. पहिल्या बोलीनं त्यानं ८०,००० ठेवले असते.

कागदाचं काम मात्र दलालही करून देत नाही आणि ॲपही नाही. घर नवऱ्याच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर बायको, मुलं, मुली आणि सासूबाई हयात असतील तर त्याही वारस. सगळ्यांच्या सह्या लागतात. लग्न झालेल्या लेकीलाही विचारायचं. ग्रामपंचायतीत वारसांची नावं लावून नमुना ८ चा उतारा काढा. गावठाणाचा ड्रोन सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका काढा. बाँडवर लिहून दिलं म्हणजे विक्री होत नाही. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखताची नोंदणी व्हावी लागते.

पैसे रोख घेऊ नका, आपल्या खात्यात घ्या. आणि पासबुकात रक्कम दिसल्याशिवाय सही करू नका.

घर एकदाच विकलं जातं. कुणी घाई करायला लागलं की म्हणा, "गटाच्या बैठकीत विचारून सांगते." आम्ही आहोतच.