वही कुणाच्या हातात?

घाटनांदूरहून बोलतेय.

मागच्या महिन्यात आमच्या वाचन मंडळाच्या बैठकीत एक जण म्हणाली, "बाई, कविता म्हणायला मी कवाबी येते, पण ते सचिव-बिचव मला सांगू नका. लई लफडं असतंय त्यात." तिचं खोटं नाही. लफडं असतं. आज त्याच लफड्याबद्दल बोलायचं आहे.

साहित्य संस्था म्हटलं की आपल्याला मंच दिसतो. समई, शाल, नारळ. मधल्या खुर्चीवर संमेलनाध्यक्ष. तो त्या संमेलनाचा मानकरी. शेजारी स्वागताध्यक्ष, म्हणजे बहुधा गावातला वजनदार माणूस, मांडवाचा आणि जेवणावळीचा खर्च उभा करणारा. संस्था मात्र दुसरीच माणसं चालवत असतात. सभेची पत्रं लिहिणारा, इतिवृत्त लिहिणारा तो कार्यवाह. पावतीपुस्तक, किर्द आणि बँकेचं पासबुक ज्याच्या पिशवीत, तो कोषाध्यक्ष. अंबाजोगाईला रेल्वे नाही, म्हणून गाडीनं येणारा पाहुणा परळीला नाहीतर आपल्या घाटनांदूरला उतरतो. त्याला घ्यायला जो माणूस फलाटावर ताटकळत उभा असतो, तो संस्थेचा कार्यवाह समजावा. संध्याकाळच्या फोटोत तो सापडत नाही.

आपल्या भागाला या कामाची जुनी ओळख आहे. मराठवाडा साहित्य परिषद 1943 ची. तेव्हा इथं निजामाचं राज्य होतं, कचेरीची भाषा उर्दू, आणि मराठीसाठी सभासद गोळा करायचे म्हणजे सोपी गोष्ट नव्हती. पुढं 1983 साली अंबाजोगाईला अखिल भारतीय संमेलन झालं, व्यंकटेश माडगूळकर अध्यक्ष होते. ते संमेलन पाहिलेले लोक अजून त्याच्या गोष्टी सांगतात. त्या गोष्टींत बायका येतात त्या बहुतेक स्वागतगीतात नाहीतर भाकरी थापताना.

आता मानाच्या खुर्चीचं बघा. दिल्लीत 2025 च्या फेब्रुवारीत झालेलं संमेलन अठ्ठ्याण्णवावं. इतक्या संमेलनांत अध्यक्ष झालेल्या बायका सहा. पहिल्या कुसुमावती देशपांडे, 1961 साली ग्वाल्हेरला. मग दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे, आणि दिल्लीला तारा भवाळकर. अठ्ठ्याण्णवात सहा हा आकडा ऐकून आपण हळहळतो, आणि हळहळावंच. पण दिल्लीच्या त्या मंचावर आणखी एक बाई होती, तिच्याकडे आपलं लक्ष कमी गेलं. साहित्य महामंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्ष उषा तांबे. एकीकडे मान होता, दुसरीकडे कारभार. महामंडळाचं कार्यालय दर तीन वर्षांनी पुणे, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या चार संस्थांत फिरतं, आणि ते ज्यांच्याकडे जातं त्यांनी तीन वर्षं संमेलनाचा गाडा ओढायचा. माधवी वैद्य यांनीही ते केलं. पंजाबातल्या घुमानला 2015 साली संमेलन झालं तेव्हा महामंडळाच्या अध्यक्ष त्या होत्या. मराठी संमेलन पार पंजाबात न्यायचं म्हणजे काय, हे ज्यांनी चार गाड्यांचं वऱ्हाड लातूरला नेलंय त्यांना कळेल.

कारभाराची खुर्ची इतकी महत्त्वाची का? कारण कुणाला बोलवायचं, ही यादी तिथं होते. यवतमाळचं 2019 चं संमेलन आठवा. नयनतारा सहगल यांना उद्‌घाटनाचं निमंत्रण दिलं आणि मग ते मागं घेतलं. केवढा गदारोळ झाला. महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. शेवटी दीप लावला आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीनं. आपल्या बीड जिल्ह्यात अशा किती घरांच्या उंबऱ्यापर्यंत आपण जाऊन आलोय. त्या बाईला मंचावर बोलवायचं हे कुणीतरी ठरवलं, आणि आधीचं निमंत्रण रद्द करायचं हेही कुणीतरीच ठरवलं होतं. कविता कितीही चांगली असू द्या, ती मंचावर जायची तर यादीतून जाते.

आता आमच्या घरची गोष्ट. आमच्या जुन्या मंडळाचे अध्यक्ष वारले. चांगला माणूस, सगळं तोंडपाठ, आणि सगळं त्यांच्याच कपाटात. सात सभासद जमले की संस्था नोंदवता येते, ते त्यांनी कधीकाळी केलं होतं. पण पदाधिकारी बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो त्या आधीच्या दोन निवडींचाही दिलेला नव्हता. कागदावर अजून जुनीच मंडळी, त्यातले दोघं देवाघरी. बँक म्हणाली, सही कुणाची चालवायची? पुस्तकांसाठी जमवलेले पैसे खात्यात, आणि आम्ही बाहेर. बीडच्या किती खेपा झाल्या, मोजल्या नाहीत. प्रत्येक खेपेला एक दिवस मोडतो आणि घरी संध्याकाळचा स्वयंपाक उशिरा होतो, त्यावरून जे ऐकावं लागतं ते वेगळं.

त्या खेपांसाठी मी जुनं इतिवृत्त पहिल्यांदा वाचलं. पंधरा वर्षांच्या सभा. अध्यक्ष अमुक, सूचक तमुक, अनुमोदक फलाणे. आणि जवळजवळ प्रत्येक सभेच्या शेवटी एकच ओळ: "उपस्थित महिलांनी चहापानाची व्यवस्था केली." नाव एकीचंही नाही. त्यातल्या निम्म्या सभांना मी होते. पुस्तकांना कव्हरं घालणं, वर्गणीसाठी दारोदार फिरणं, शाळेतल्या पोरींना कविता म्हणायला शिकवणं, हे सगळं आम्ही केलेलं. वहीत फक्त चहा आला. वाईट वाटलं, पण रागावू कुणावर? वही लिहायला बसा म्हटल्यावर मीच दरवेळी पदर सावरून आत जात होते.

लिहिणारीनं कारभारात पडू नये, तिचं लिहिणं सुटतं, असंही म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे, माझ्या दोन कथा त्या खेपांत राहून गेल्या. पण आपल्या शेजारीच अंबाजोगाईला शैला लोहिया होऊन गेल्या. मराठी शिकवलं, पुस्तकं लिहिली, आणि मनस्विनी महिला प्रकल्पही उभा केला. अडल्या-नडल्या बायकांचा संसार सांभाळायचा तर भावनेबरोबर कागदही लागतो. 2013 साली त्या गेल्या. त्यांच्याकडे बघितलं की आपल्या सबबी जरा लाजतात.

राहिला हिशोब. 31 मार्चला वही बंद करायची, पावत्या लावायच्या, सनदी लेखापालाकडून तपासून घ्यायची. जमा, खर्च, शिल्लक. बचत गटात तुम्ही दर महिन्याला दुसरं काय करता? तिथं अध्यक्ष आहे, सचिव आहे, ठराव आहे, बँकेत दोघींच्या सह्या आहेत, आणि पन्नास रुपयांचा फरक आला तर रात्री झोप लागत नाही. साहित्याच्या हिशोबात तर आकडे त्याहून लहान असतात. लहान असतात हे दुःखच आहे, पण ते पुन्हा कधीतरी.

सुरुवातीला जिचं बोलणं सांगितलं, ती गेली आठ वर्षं तिच्या गटाची वही लिहिते. एक पैसा इकडचा तिकडं झालेला नाही. परवा बाजारात भेटली तेव्हा म्हटलं, अगं, हे तेच आहे. "ते येगळं," म्हणाली. काय येगळं, ते तिला सांगता आलं नाही, आणि मलाही.

रविवारी दुपारी तीनला आमची वार्षिक सभा आहे. कोषाध्यक्षाची जागा रिकामी आहे. मी तिचं नाव सुचवणार आहे, अनुमोदन द्यायला कुणीतरी लागेल. चहा या वेळी पुरुष मंडळी करतील, तसं त्यांनी कबूल केलंय. साखर मात्र आपणच नेलेली बरी.