चेंबर फुटला तर गाडी तिथंच थांबवा



शिवणयंत्राला तेल कुठं घालायचं हे आपण वापरता वापरताच शिकलो. गिरणीचा पट्टा सैल झाला की आवाजावरून ओळखतो. विहिरीवरचा पंप पाणी सोडत नसेल तर आधी फूटव्हॉल्व्ह बघतो. मग गटाच्या पैशातून घेतलेली गाडीच आपल्याला परकी का वाटावी?

आज काही गटांकडे स्वतःची गाडी आहे. २०१७ मध्ये केंद्र सरकारनं आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आणली. गावच्या रस्त्यांवर प्रवासी गाड्या बचत गटातल्या बायांनी चालवाव्यात, अशीच तिची कल्पना आहे. कोणी त्या वाटेनं गाडी घेतली, कोणी अंतर्गत कर्जातून जुनी व्हॅन घेतली. गाडी कोणतीही असो, ती उभी राहिली म्हणून हप्ता उभा राहत नाही. म्हणून आज बोलायचं आहे गाडीच्या चेंबरबद्दल.

चेंबर म्हणजे काय? इंजिनाच्या अगदी तळाशी एक परातीसारखं भांडं बोल्टांनी बसवलेलं असतं. पुस्तकात त्याला ऑइल पॅन किंवा संप म्हणतात, आपले मिस्त्री चेंबर म्हणतात. लहान गाडीत साधारण तीन-चार लिटर इंजिन ऑइल असतं, ते यात साठतं. पंप ते जाळीतून ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि इंजिनाच्या फिरत्या भागांना पोचवतो. तिथून ते ओघळून पुन्हा चेंबरमध्ये येतं. चेंबर फुटला की हे चक्र तुटतं. मग लोखंडावर लोखंड कोरडं घासतं, तापतं आणि इंजिन जॅम होतं.

तुम्ही म्हणाल, ट्रॅक्टर तर ढेकळांतून, दगडांतून फिरतो, त्याचा चेंबर कसा फुटत नाही? बहुतेक ट्रॅक्टरांचा चेंबर जाड बिडाचा असतो आणि जमिनीपासून उंच असतो. कारचा मात्र पत्र्याचा नाही तर ॲल्युमिनियमचा, आणि जमिनीच्या बराच जवळ. पांदण रस्त्यावरचा एक उघडा दगड त्याला पुरतो.

आमच्या गटाच्या व्हॅनला असाच दगड लागला. आम्ही चौघी पापड-लोणच्याची खोकी घेऊन कळमेश्वरकडे निघालो होतो. पावसानं मुरूम वाहून गेलेला. डांबरी रस्त्याला लागता लागता खालून दणका बसला. थोडं पुढं गेलो तर समोरच्या काचेखाली लाल दिवा लागला, तेलाच्या झारीच्या चित्राचा. गाडी चालवणाऱ्या ताईंनी लगेच कडेला घेतली आणि चावी बंद केली. खाली वाकून पाहिलं तर काळ्या तेलाची धार लागलेली.

दोघं-तिघं जमा झाले. "काही होत नाही ताई, हळूहळू न्या. पाच किलोमीटर तं आहे." दुकानदाराचा फोन येत होता. आमच्यातल्या एकीलाही वाटलं, जाऊ या, ऑर्डर हातची जाईल. ताई म्हणाल्या, "माल उद्या पोचला तर दुकानदार बोलेल. इंजिन गेलं तर दोन वर्षं आपणच बोलत बसू." खोकी ऑटोनं पाठवली. गाडी दुसऱ्या गाडीला दोर बांधून, अगदी सावकाश गॅरेजला नेली. इंजिन बंद असताना ब्रेक कडक लागतो, स्टिअरिंग जड होतं, म्हणून ओढताना घाई करायची नाही.

मिस्त्रीनं उघडून बघितलं. इंजिन शाबूत होतं. चेंबर, पॅकिंग, ऑइल, फिल्टर, मजुरी मिळून खर्च काही हजारांत आटोपला. तीच गाडी पाच किलोमीटर रेटली असती तर इंजिन उतरवायची पाळी आली असती, आणि तो खर्च गटाच्या वर्षभराच्या बचतीला भारी पडला असता.

विम्याचंही लक्षात ठेवा. पूर्ण विमा असेल तर दगड लागून फुटलेल्या चेंबरचा दावा करता येतो. पण तेल सांडतंय हे दिसत असताना गाडी चालवत राहिलो आणि इंजिन जॅम झालं, तर ते नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरत नाहीत. म्हणून जागेवरच फोटो काढा आणि गाडी उघडण्याआधी विमा कंपनीला कळवा.

आता गॅरेजमध्ये काय बघायचं ते सांगतो. हे काम मिस्त्रीच करेल, पण आपण शेजारी उभं राहायचं.

पहिलं, गळती नेमकी कुठून आहे? कधी फिल्टर सैल असतो, कधी तळाच्या ड्रेन नटाचा वॉशर गेलेला असतो, कधी वरच्या पॅकिंगमधून तेल ओघळून चेंबरवर येतं. आधी पुसून घ्या, मग बघा. नाहीतर चांगला चेंबर बदलला जाईल आणि गळती तशीच राहील.

दुसरं, गाडी सपाट जागी हवी आणि लोखंडी स्टँडवर किंवा रॅम्पवर हवी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणालाही शिरू देऊ नका. जॅक सरकला तर माणूस जातो.

तिसरं, वेल्डिंग की नवा? पत्र्याला लहानशी चीर असेल तर चेंबर काढून, धुऊन वेल्डिंग होतं. गाडीला लावलेल्या, तेलानं भरलेल्या चेंबरवर वेल्डिंग करू द्यायचं नाही, आग लागू शकते. काठ वाकला असेल किंवा मोठी फूट असेल तर नवाच घ्या. वरून लावलेला लेप घरी पोचेपर्यंतही टिकेल याचा भरवसा नाही.

चौथं, जुनं पॅकिंग पूर्ण खरवडून काढलं का? दोन्ही काठ कोरडे आणि स्वच्छ हवेत. तेल ओढणारी जाळीही बघायला सांगा, तिच्यात कचरा किंवा चेंबरचा तुकडा अडकलेला असू शकतो. मग नवं पॅकिंग किंवा सिलिकॉन, त्या इंजिनाला जे लागतं ते. सिलिकॉन असेल तर ते सुकायला पाकिटावर लिहिलेला वेळ द्यायचा.

पाचवं, बोल्ट आधी हातानं बसवायचे, मग चाकाच्या नटांसारखे समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. फार जोर लावला तर काठ वाकतो, आटे जातात आणि नवा चेंबरही गळतो.

मग नवा फिल्टर, ड्रेन नटाला नवा वॉशर, आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं, तेवढंच ऑइल. डबा आपल्यासमोर फोडायला सांगा. गाडी सुरू केल्यावर लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. थोडा वेळ चालू ठेवून खाली बॅटरीच्या उजेडात बघा. बंद करून दहा मिनिटांनी पट्टी काढून तेल मोजा. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा. सकाळी डाग नसेल तर काम नीट झालं.

एक राहिलं. काढलेलं काळं ऑइल नालीत ओतू देऊ नका, वावरात तर नाहीच. २०१६ च्या नियमांत ते घातक कचऱ्यात मोडतं. ते झाकणाच्या डब्यात जमवून परवानाधारक खरेदीदाराला द्यायचं असतं. गॅरेजवाल्याला विचारा, तो कुठं देतो.

आमच्या गटानं यानंतर ठराव केला आणि वहीत लिहिला. लाल दिवा लागला की चालवणारी बाई गाडी थांबवेल. ऑर्डर गेली, बैठकीला उशीर झाला, तरी तिला कोणी बोलणार नाही. मैत्रिणींनो, दिवा सगळ्यांनाच दिसतो. पण चारचौघं "चला" म्हणत असताना थांबायचं बळ एकटीला येत नाही, ते गटानं द्यावं लागतं.

तुमच्या गटाकडे गाडी असेल तर पुढच्या बैठकीत सगळ्या जणी एकदा तिच्याजवळ जा. चावी फिरवून लाल दिवा कोणता ते प्रत्येकीला दाखवा. ऑइलची पट्टी काढून प्रत्येकीच्या हातात द्या. पंधरा मिनिटांचं काम आहे.