केसपेपरवर न लिहिलेली ओळ

आज पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण डॉक्टरांनो,



मी बीडच्या नारायणगडाच्या पायथ्याच्या गावची. आमच्या गडाला धाकटी पंढरी म्हणतात. आषाढीला तिथं पाय ठेवायला जागा नसते. कार्तिकीला मात्र आसपासच्या वस्त्यांवर म्हातारी माणसं आणि दारांना कुलपं. बाकीचं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, अंगावर, आणि दिवस बुडाला की खाडा, म्हणजे दंड. पाळीतही सुट्टी नाही. राहायच्या कोपीजवळ ना पुरेसं पाणी, ना संडास.

नवी डॉक्टर झाले तेव्हा गावातली एक चुलती तपासायला आली. वय तिशीचं. आधी काही ऑपरेशन झालंय का, विचारलं. “पिशवी काढली की,” ती म्हणाली. मी केसपेपरवर ‘गर्भाशय काढलेले’ असं लिहिलं आणि रक्तदाब मोजायला घेतला. का काढली, हे विचारलंच नाही. परीक्षेत या नोंदीला माझे गुण कापले गेले नसते. म्हणूनच ती चूक मला अजून टोचते.

तो प्रश्न विचारायला मला डॉ. राणी बंग यांच्या संशोधनानं शिकवलं. स्त्रीरोगशास्त्राचं शिक्षण नागपुरात, सार्वजनिक आरोग्याचं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात घेऊन त्या डॉ. अभय बंग यांच्यासह गडचिरोलीत आल्या आणि १९८६ मध्ये ‘सर्च’ ही त्यांची संस्था उभी राहिली. तेव्हा सरकारदरबारी बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी. त्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. पूर्वी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. जानेवारी १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष आले. पाच वर्षांनी कैरोच्या लोकसंख्या परिषदेत जगानं प्रजनन आरोग्याचा विचार स्वीकारला; त्यामागे असे पुरावे होते.

वैद्यकीय शिक्षणाचा धडाही मला ‘सर्च’च्या कामातूनच मिळाला. ‘सर्च’नं गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून घडवलं. बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणं त्या शिकल्या. ३९ गावांतल्या या प्रयोगानं नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. ज्ञान गावापर्यंत पोचवलं की जीव वाचतात, याचा हा पुरावा.

आता आपल्या बीडकडे या. २०१९ मध्ये शासनानं नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहांमागे एक. काही शस्त्रक्रिया गरजेच्या असतीलही. पण पिशवी काढायला दिलं जाणारं एक कारण, अंगावरून पांढरं जाणं, बहुतेकदा तपासणीनं आणि औषधानं बरं होतं. लहान वयात पिशवी काढली, त्यात अंडाशयही गेलं, तर पाळीबरोबर हाडांची ताकद जाते आणि हृदयाचा धोका वाढतो. आणि या बाईला तर उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं असतं.

मित्रांनो, नव्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना कुटुंबं दत्तक दिली जातात. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय विद्यार्थ्यांना गावात राहायला पाठवतं, तेही गावातल्या माणसांचं जगणं समजावं यासाठी. यापुढेही गावाची भेट हजेरीपुरती ठेवू नका. संशोधनाला मोठी प्रयोगशाळा लागतेच असं नाही. एक वही, बाईच्याच शब्दांत विचारलेला प्रश्न आणि उत्तर संपेपर्यंत थांबण्याची तयारी, एवढ्यावर सुरुवात होते. ‘पिशवी’, ‘पांढरं जाणं’, ‘खाडा’ हे शब्द पाठ्यपुस्तकात नाहीत; निदान मात्र तिथूनच सुरू होतं.

गेल्या आषाढीला गडावर ती चुलती भेटली. इतक्या वर्षांनी मी विचारलं, “पिशवी का काढली होती?” ती म्हणाली, “पांढरं जायचं गं. पुढं कॅन्सर होईल म्हणले. आणि खाडे किती भरायचे?”

आजार, भीती आणि मजुरी, सगळं त्या उत्तरात होतं. मी ते फार उशिरा लिहून घेतलं. तुम्ही ते पहिल्याच दिवशी लिहा.