चावीवाल्याची मुलगी आणि तुळशी तलाव

मागे खळखळ ऐकू येतेय ना, ती दहिसर नदी. हो, तीच, जिला बोरिवलीच्या पुढे सगळे नाला म्हणतात. मी आत्ता बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये एका कट्ट्यावर बसून रेकॉर्ड करतेय. मध्येच माकडं आली तर आवाज थोडा हलेल, सांभाळून घ्या.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की ट्रेक वगैरे ठीक आहे, पण ज्यांना गड चढायचा नाही, गुडघे दुखतात, घरी वयस्कर माणसं आहेत, त्यांच्यासाठी मुंबईच्या जवळ जंगलात, पाण्याकाठी चालायला काय आहे? उत्तर सोपं आहे. मी आत्ता बसलेय तिथे या. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरलात की चालत वीसेक मिनिटं. पण हे उत्तर मला माझ्या बाबांमुळे मिळालं, आणि त्याआधी मी एक मोठी चूक केली होती. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

बाबा पाणीखात्यात चावीवाले होते. तुमच्यापैकी अनेकांना चावीवाला म्हणजे काय हे माहीत नसेल. मुंबईत प्रत्येक भागाला पाणी ठरलेल्या वेळी येतं. ते आपोआप येत नाही. रस्त्यात ती गोल लोखंडी झाकणं असतात, त्यांच्याखाली व्हॉल्व्ह असतात. लांबलचक चावी घालून, फिरवून फिरवून कुणीतरी ते उघडतं आणि बंद करतं. पहाटे तीनला, पावसात, गणपतीत, दिवाळीत. एकतीस वर्षं बाबांनी ते केलं. रात्रीच्या शांततेत लोखंडी सळई पाइपला टेकवून दुसरं टोक कानाला लावायचं आणि जमिनीखाली कुठे गळतंय ते ऐकायचं, हेही त्यांना यायचं. लहानपणी मला ती जादू वाटायची.

रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी, ऐन पावसाळ्यात त्यांना हार्ट अटॅक आला. दोन स्टेंट टाकले. डॉक्टर म्हणाले, सगळं छान आहे, आता रोज चाला. आणि बाबा चालायचेच थांबले. एकतीस वर्षं रात्रीबेरात्री फिरलेला माणूस बिल्डिंगच्या आवारात तीन फेऱ्या मारायचा आणि वॉचमनच्या खुर्चीवर बसायचा. भीती. रस्त्यात काही झालं तर? ते कधी तसं बोलले नाहीत, पण खिशात कायम आमच्या सगळ्यांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी असायची. फोन असूनही.

मी काय केलं, तर त्यांना स्टेप मोजणारं घड्याळ आणून दिलं. आणि एका रविवारी नॅशनल पार्कला घेऊन आले. म्हटलं, कान्हेरीपर्यंत डांबरी रस्ता आहे, साधारण सहाच किलोमीटर, सपाटच तर आहे. आता, तो सपाट नाही. चढ हळूहळू येतो, कळत नाही, पण छातीला कळतो. मी पुढे, कानात हेडफोन, मध्येच फोटो. मागे वळून बघितलं तर बाबा नाहीत. पन्नास-साठ पावलं मागे रस्त्याच्या कडेला दगडावर बसले होते. चेहरा पांढरा, एक हात शर्टाच्या खिशावर, त्या चिठ्ठीवर. दुखत काहीच नव्हतं. नुसते घाबरले होते. मला म्हणाले, "तू जा गं, मी इथे बसतो." रिक्षा शोधणाऱ्यासारखी मी आजूबाजूला बघत राहिले. जंगलात रिक्षा कुठून येणार.

परत जाताना आम्ही एक शब्द बोललो नाही. त्यानंतर महिनाभर त्यांनी विषय काढू दिला नाही.

मग जानेवारीत ते स्वतःच म्हणाले, "ती नदी बघायचीय. रस्त्याच्या बाजूला होती ती." फक्त नदी. कान्हेरी नाही, घड्याळ नाही. म्हटलं चला.

तर पहिला रस्ता हा. मेन गेटमधून आत या, आणि नदीच्या कडेकडेने चाला. सरळ, सावलीचा. पुढे नदी अडवून केलेला छोटा तलाव आहे, जिथे बोटिंग चालतं. रविवारी दुपारी तिथे जत्रा असते, तेव्हा जाऊ नका. सकाळी लवकर गेलात तर पाण्यावर वाफ असते, खंड्या फांदीवर गप्प बसलेला असतो, वंचक काठावर पुतळ्यासारखा उभा. पाणकावळे पंख पसरून वाळत बसतात. गेटपासून इथपर्यंत जाऊन, जरा रेंगाळून परत यायला तासभर पुरतो. ज्यांना तेवढंच झेपतं त्यांनी तेवढंच करावं. आम्ही पाच-सहा वेळा फक्त तेवढंच केलं.

आणि बाबा चालायला लागले, कारण ते चालत नव्हते, ते पाणी तपासत होते. हे पाणी कुठून येतं, इथे वळण का घेतं, बांध कुठे फुटलाय. दर दहा पावलांवर थांबायचे, पण दमून नाही, बघायला. मी हेडफोन घरी ठेवायला शिकले. त्यांच्या वेगाने चाललं की जंगल वेगळंच दिसतं हे मला मान्य करावं लागेल. काटेसावरीच्या बिनपानांच्या झाडावर लाल फुलं आणि त्यात भांडणाऱ्या मैना मी आधीही बघितल्या असतील, पण खरं सांगते, मला आठवत नाहीत.

असंच एकदा मी तिथल्या एका गार्डना विचारलं, की दादा, तुळशी तलावाकडे चालत जाता येईल का? बाबांना दाखवायचा होता. ते म्हणाले, नाही ताई, तिकडे परवानगी नाही, पिण्याचं पाणी आहे. मी हुज्जत घालणार, इतक्यात बाबाच म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं." आणि मला बाजूला घेऊन, अक्षरशः वर्ग घेतला.

तो वर्ग थोडक्यात तुम्हालाही सांगते. दर पावसाळ्यात फोनवर बातमी येते, 'तुळशी तलाव ओव्हरफ्लो', आणि आपण ती पुढे ढकलतो. मुंबईला पाणी देणारे सात तलाव आहेत. त्यातले पाच लांब, ठाणे-नाशिककडे. दोनच मुंबईच्या हद्दीत आहेत, विहार आणि तुळशी, दोन्ही याच जंगलाच्या कुशीत. १८५० च्या दशकात शहर वाढत होतं आणि विहिरी-तळी पुरत नव्हती, तेव्हा विहारचं काम सुरू झालं. १८६० मध्ये तो पुरा झाला. तुळशी १८७९ चा. म्हणजे धरणं आधी, नॅशनल पार्क खूप नंतर. तलावात स्वच्छ पाणी यायला हवं तर भोवतीच्या डोंगरावर झाडं हवीत, वस्ती नको, म्हणून हे डोंगर राखले गेले. आज इथे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल उभं आहे, त्यामागे हे मोठं कारण आहे. आपण म्हणतो जंगलात तलाव आहे. बाबा म्हणाले, उलटं आहे, तलावामुळे जंगल आहे.

मग त्यांनी पवईचं उदाहरण दिलं. पवई तलाव विहारच्या अगदी शेजारी, १८९० च्या सुमाराचा. बांधला होता पाणीपुरवठ्यासाठीच. आज त्याच्या काठाने कुणीही, कधीही चालू शकतं, बाकं आहेत, सेल्फी आहेत. पण ते पाणी प्यायच्या कामाचं राहिलेलं नाही. तुळशीच्या काठावर आपल्याला जाता येत नाही, म्हणून तुळशीचं पाणी पिता येतं. मी गप्प बसले. काठावर मगरी आहेत हे त्यांनी शेवटी सांगितलं, ते आधी सांगितलं असतं तर मी हुज्जत घातलीच नसती.

आणि इथेच मला कळलं, की एकतीस वर्षं ज्याचं पाणी सोडलं ते तलाव बाबांनी कधी बघितलेच नव्हते. त्यांचं जग रस्त्यातल्या झाकणापासून सुरू व्हायचं.

तर दुसरा रस्ता. कान्हेरीला चालत चढू नका, निदान पहिल्यांदा नको. वर जायला वाहन मिळतं का ते गेटवर विचारा. नियम आणि वेळा बदलत असतात, म्हणून मी आकडे सांगत नाही. सायकलीही भाड्याने मिळतात. वर जाऊन लेणी बघा, तिथलं तिकीट वेगळं असतं, आणि मग उतरताना जमेल तेवढं चाला. उताराला दम लागत नाही, फक्त गुडघ्यांकडे लक्ष ठेवा. आम्ही फेब्रुवारीत हेच केलं.

लेण्यांच्या पायऱ्या आहेत, त्या बाबा बसत बसत चढले. बसायला जागा भरपूर, कारण भिक्षूंनी लेण्यांबाहेर दगडातच बाकं कोरून ठेवलीत. शंभराहून जास्त लेणी आहेत, सगळी बघायच्या भानगडीत पडू नका. मोठा चैत्य बघा आणि मग पाण्याकडे लक्ष द्या. जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी खडकात खोदलेलं टाकं आहे. डोंगरावर पडलेला पाऊस पन्हळी कोरून त्यात वळवलेला. शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' असा शब्द आहे, आणि कल्याण, सोपारा अशा गावच्या लोकांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी पुण्य म्हणून पाण्याचं टाकं बांधून दिलं आणि तसं लिहून ठेवलं. बाबा एका टाक्यावर वाकून बराच वेळ पन्हळीचा उतार बघत होते. म्हणाले, "लेव्हल बघ कशी पकडलीय. आणि आमच्याकडे…" पुढचं सांगत नाही, त्यांची पेन्शन चालू आहे.

वरच्या सपाटीवर पोहोचायला आम्हाला दीड तास लागला. लोक वीस मिनिटांत जातात. तिथून आग्नेयेला झाडांच्या वर एक चकाकती पट्टी दिसली. मी म्हटलं, बाबा, ती तुळशी. मला वाटलं होतं डोळ्यांत पाणी वगैरे येईल, मी फोन काढून तयार होते. ते कपाळावर हात धरून बघत राहिले आणि म्हणाले, "इतकुसाच आहे गं."

खरंच इतकुसाच आहे. सातांमधला सगळ्यात छोटा. पूर्ण भरला तर साधारण ८०४ कोटी लिटर. मुंबईला दिवसाला जवळपास ४०० कोटी लिटर लागतं, म्हणजे नुसत्या तुळशीवर आपलं सगळं शहर दोन दिवस काढेल. त्यातून रोज उचलतात ते साधारण १ कोटी ८० लाख लिटर. हे आकडे त्यांनी मला तोंडपाठ सांगितले, दगडावर बसून, चिक्की खात. चिठ्ठी खिशातच होती. पण हात तिथे नव्हता.

उतरताना त्यांनी निम्म्याहून जास्त रस्ता चालून काढला.

आता थोडं कामाचं. सोमवारी पार्क बंद असतो. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधारात एकटे फिरू नका, इथे बिबटे आहेत, आणि कॅमेऱ्यांत टिपलेल्यांची संख्या चाळीसच्या वर गेलेली आहे. घाबरायचं कारण नाही, पण लहान मुलाला मागे एकटं सोडायचं नाही, झाडीजवळ वाकून बसायचं नाही. खाणं पिशवीत, पिशवी बंद, माकडांना काही द्यायचं नाही. पावसाळ्यात कान्हेरीचे ओढे फार सुंदर दिसतात आणि पाणी अचानक वाढतं, त्यात उतरू नका. शेवाळावर चपला घालून येऊ नका. आणि शिळोंढ्यासारख्या आतल्या पायवाटांवर परवानगी आणि गाइडशिवाय जायचं नाही. कारवी २०२४ मध्ये फुलून गेली. ती साधारण आठ वर्षांनी एकदा फुलते, त्यामुळे आत्ता तिचे फोटो बघून कुणी येणार असेल तर थांबा.

सोबत कुणी वयस्कर असेल, तर त्यांना पुढे चालू द्या. तुम्ही मागे राहा. हे मला महिनाभर वाया घालवून कळलं.

बाबा आता माझ्याशिवाय येतात. सकाळी फिरायला येणाऱ्यांचा एक गट आहे, त्यात ते मिसळलेत, आणि ऐकलंय की तिथे ते लोकांना पाण्याच्या वेळा का बदलतात हे समजावून सांगतात. सोमवारी घरी असतात. आई म्हणते, सोमवारी त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसतो.

ते बघा, येतायत समोरून. मला हात करतायत, की आटप. पुढच्या भागात ठाण्याच्या येऊरला जाऊ. तोवर बाय.