कारखान्यातील धूळ आणि घरगुती हवा-गाळणी



वर्धापनदिनी एखादी कृती सांगण्याची आपली प्रथा आहे. मीही आज कृतीच सांगणार आहे. मात्र ती चुलीवरची नव्हे, हवा गाळण्याची आहे.

धूळ आपल्या गिरणगावाला नवी नाही. माझे मामंजी १९८२ च्या संपापर्यंत एका गिरणीत कार्डिंगखात्यात होते. रविवारची सुटी संपवून सोमवारी कामावर गेले की त्यांची छाती आवळून येई. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या विकाराला डॉक्टर ‘बिसिनोसिस’ म्हणतात. पुढे त्यांना जिना चढणेही जड झाले. आता गिरण्या गेल्या, पण धूळ राहिली. माझे धाकटे दीर परळला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती पॉलिश पेपरने घासतात. ऐन कामाच्या दिवसांत पाऊस, म्हणून चहूबाजूंनी ताडपत्री. आतली धूळ आतच फिरते. भाऊजी खोकू लागले, तेव्हा घरात सर्वांच्याच मनात मामंजींची आठवण आली.

छताचा पंखा धूळ नुसती फिरवतो; ती अडवायला गाळणी हवी. २०२० साली, करोनाच्या काळात, अमेरिकेत रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थल यांनी चार गाळण्या व एक पंखा यांची साधी पेटी सुचवली. ती कोणालाही घरी करता येते. तिकडचा चौकोनी पंखा आपल्याकडे सहसा मिळत नाही, म्हणून आम्ही एक्झॉस्ट पंखा वापरला.

साहित्य: ‘मर्व्ह १३’ दर्जाच्या चार चौकोनी गाळण्या, प्लायवूडचे दोन तुकडे, जाळीचा बारा इंची एक्झॉस्ट पंखा व रुंद चिकटपट्टी.

कृती: चार गाळण्या चार भिंतींसारख्या उभ्या कराव्यात. त्यांवरील बाणाचे टोक आत असावे. खाली प्लायवूडचा तळ लावावा. वरच्या तुकड्याला पंख्याच्या मापाचे भोक पाडून पंखा असा बसवावा की तो हवा वर फेकील. मग सारे सांधे चिकटपट्टीने बंद करावेत. पंखा चालू करून सांध्याशी उदबत्ती धरावी. धूर फटीत ओढला गेला, तर तेथे आणखी पट्टी लावावी. फटीतून शिरलेली हवा न गाळताच बाहेर पडते. बाहेरून विरळ मलमल गुंडाळल्यास जाड धूळ तीवरच अडते, आणि मलमल धुता येते. गाळणी मात्र धुऊ नये. ती काळवंडली व वारा मंदावला की नवी घालावी; जुनी काढताना तोंडाला मास्क लावून ती पिशवीत बांधावी.

दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत १,२०० घनफूट हवा मावते. पेटीतून मिनिटाला २०० घनफूट हवा गेली, तर सहा मिनिटांत खोलीभर हवेइतकी हवा गाळली जाते. पेटी घासणाऱ्याच्या जवळ ठेवावी, म्हणजे धूळ पसरण्याआधीच ओढली जाते.

आता तिच्या मर्यादा. रंगाच्या व थिनरच्या वाफा या गाळणीत अडकत नाहीत, आणि त्या पेट घेऊ शकतात; फवारणीच्या जागी ही पेटी लावू नये. पिठाची बारीक धूळही ठिणगीने भडकते, म्हणून पिठाच्या गिरणीतही ती नको. शिवाय पेटी आली म्हणून मास्क सुटत नाही. जमेल तेथे ओले करून घासावे, आणि जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. शाडूच्या मातीत सिलिका असू शकते. तिची कोरडी धूळ फुप्फुसाला विशेष वाईट.

भाऊजींचा खोकला पेटीने बरा झाला, असे मी म्हणणार नाही. त्यासाठी छातीच्या डॉक्टरांकडे आम्ही त्यांना नेलेच. परंतु पहिल्या महिन्याअखेर पांढऱ्या गाळण्या राखी झालेल्या मी पाहिल्या. तेवढी धूळ तरी कोणाच्या छातीत गेली नाही.

पेटी आज बाहेर चौरंगावर मांडली आहे. ज्यांच्या घरचे माणूस धुळीत काम करते, त्यांनी मापे उतरवून घ्यावीत. पंख्याची वायर जोडायला मात्र वायरमनलाच बोलवा.