औषध केव्हा सुरू करायचं?



माझ्या पत्नीचा खोकला काही केल्या जाईना. शेवटी थुंकीच्या तपासणीत ‘मॅक’ नावाचे जंतू निघाले. अहवालात ‘मायकोबॅक्टेरियम’ वाचलं आणि तिनं आरतीला येणंच बंद केलं. टीबी झाला म्हणतील ही भीती! मंडळी, हा टीबी नव्हे. हे जंतू पाण्यात, मातीत असतात. माणसाकडून माणसाला सहसा लागत नाहीत. तेव्हा लपवू नका.

मी डॉक्टर असूनही ‘लगेच गोळ्या द्या’ म्हणून अडून बसलो. तज्ज्ञांनी मला समजावलं. थुंकीच्या दोन वेगवेगळ्या नमुन्यांत जंतू, सीटी स्कॅनमध्ये बदल आणि अंगाला त्रास, हे तिन्ही जुळावं लागतं. फुप्फुसात पोकळी असेल तर थांबू नये. आजार सौम्य असेल तर नियमित तपासत वाट पाहता येते. कारण औषधं सहसा तीन, आणि थुंकी जंतुमुक्त झाल्यावरही वर्षभर घ्यायची. त्यातलं इथॅम्ब्युटॉल नजरेवर परिणाम करू शकतं.

आम्ही दहा महिने थांबलो. वजन उतरू लागलं, तेव्हा औषध सुरू केलं. आज ती समोर बसली आहे.

डॉक्टरांना निःसंकोच विचारा, “असे रुग्ण तुम्ही नेहमी पाहता का?” नसतील तर डेन्व्हरच्या नॅशनल ज्यूईश हेल्थसारख्या ठिकाणी दुसरं मत घ्या.

एकट्या राहणाऱ्या काका-काकूंना अपॉइंटमेंटला नेणारं कुणीतरी हवं. ज्यांच्याकडे गाडी आणि थोडा वेळ आहे, त्यांनी आरतीनंतर मला नाव द्यावं.