रिकाम्या हातांनी धावताना



आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात. चहूकडे साग-मोहाचं रान आणि कोहळी लोकांनी बांधलेले जुने मालगुजारी तलाव. पोलीस भरतीत मुलींना 800 मीटर धावावं लागतं, म्हणून गावातल्या सात मुली पहाटे तलावाच्या पाळीवरून पळतात. पुढे बोडीला वळसा, मग रानातली पाऊलवाट. चाळिशी उलटली तरी मीही त्यांच्या मागे असते.

चैत्रात याच वाटांनी आम्ही बाया अंधारात मोहफुलं वेचायला जातो. मे महिन्यात तेंदूपत्त्याला, एरवी सरपणाला. तेव्हा कुणी विचारत नाही, एकटी कुठं चाललीस? डोक्यावर मोळी असली की बाई सुरक्षित! तीच पोरगी रिकाम्या हातांनी, पँट घालून धावली की पाळीवर दारू पीत बसणाऱ्यांना गावाची अब्रू आठवते. घरचे म्हणतात, रानात वाघ-बिबट आहेत. ते मोहाच्या दिवसांतही असतातच की.

सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक आणलं, तेव्हा याच लोकांनी कौतुक केलं होतं.

सोबत भाऊ पाठवा, असा सल्ला मिळतो. भाऊ उठला नाही तर सराव बुडाला! आम्ही ग्रामसभेत दोनच मागण्या ठेवल्या: पाळीवरची बेशरम तोडा (झुडपाचं नावच तसं, आम्ही ठेवलेलं नाही) आणि तिथली दारूची बैठक उठवा. बेशरम तोडायला सगळे तयार. दारूचं नाव निघताच सभाच उठली. पुढच्या सभेला ठराव लिहून होईपर्यंत आम्ही दारातच बसणार आहोत.